दुसरा ब्रेक

नेरुळच्या मैदानात चुन्याने आखलेला आठ
मी एकही खांब न पाडता काढला.
साहेबांनी मान वर न करता शिक्का मारला.
कार्ड पोस्टाने आलं,
फोटोत मी घाबरलेली.

तांडेल मास्तर पेढा तोंडात टाकत म्हणाले,
"बाय, रस्त्यावर कुणी आठ आखून ठेवत नाय."
मी हसले होते.

आज तुर्भ्याला, मार्केटच्या वळणावर,
पहाटे पावणेपाच,
डांबरावर कांद्याची ओली सालं
आणि उभ्या ट्रकच्या आडून अचानक हातगाडी,
मागे गोणपाट पांघरलेला माणूस.
वेग चाळीसच.
तरी माझा जीव आधी डावीकडे धावला,
जिथे मास्तरांचा पाय असायचा,
झिजक्या चपलेतला,
त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर.

तिथे माझ्या डब्याची पिशवी होती.

थांबली गाडी. वीतभर उरलं.
त्याने पाहिलंसुद्धा नाही, गेला.
मागून हॉर्न, शिवी, पुन्हा हॉर्न.

इंडिकेटर लावून कडेला घेतली.
पाय थरथरायचा थांबेना, म्हणून
तशीच मास्तरांना फोन लावला:
अंधारातलं शिकवाल का?

पलीकडे बराच वेळ खोकला.
मग, "ये उद्या.
पेढे नको आणू."