एका सुतात अकरा

रबाळ्याला, गाळा नंबर एकोणचाळीस,
कुठल्याशा परदेशी यंत्राच्या पायाखालून
निघाला हा ठोकळा.
वीतभर लांब, चार इंच रुंद,
वर भाजल्याचा शिक्का: कीड नाही, असं सांगणारा.
टपरीच्या चुलीत जायचा तो माझ्या रंध्याखाली आला,
एवढंच.

पहिली ढलपी निघाली अखंड, कागदासारखी.
दुसरीला वास सुटला.
कापूर नाही, राळ नाही,
चिंचेनं घासलेलं पितळ उन्हात ठेवावं
तसं काहीतरी.

मग दिसल्या रेघा.
म्हणजे आधी दिसल्याच नाहीत.
सागाची वर्षं मला चष्म्याशिवाय मोजता येतात,
आंबा वर्षं सांगतच नाही, लपवतो.
बाभळीशी माझं कधी जमलं नाही, ते असो.
इथं कोपरखैरण्याच्या अन्सारी घड्याळवाल्याकडून
डोळ्याला लावायचं भिंग आणावं लागलं,
आणि एक टाचणी.

एका सुतात अकरा.
पुन्हा मोजलं. अकरा.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.
माझ्या धंद्यात त्याहून लहान फक्त चूक असते.
सूतभर चुकलं म्हणून वडिलांनी
बोटांवर पट्टी मारली होती.
त्या हिशेबानं वडील, एकाहत्तरला गेले,
साडेसहा सूत.
माझी या शेडमधली सव्वीस वर्षं
दोन सुतांच्या किंचित पुढे.
खाडीवर भराव पडला, सेक्टर आखले, टॉवर उठले,
अख्खी नवी मुंबई
अंगठ्याच्या नखाखाली झाकली गेली.

तीनशे छत्तीसपर्यंत गेलो.
जेवणाचा भोंगा झाला आणि टाचणी घसरली.

गोविंद नेगी, न्हावा शेव्याहून ट्रेलर आणतो,
ढलपी नाकाला लावून गप्प बसला.
म्हणाला, आमच्याकडे वर असं एक आहे.
गाव संपतं, मग कुरण संपतं, मग मातीच संपते,
नुसता खडक आणि सहा-सात महिने बर्फ,
तिथं हे. एकटं.
केवढं? मी विचारलं.
त्यानं हात आडवा धरला, छातीशी.
आजोबांनी दाखवलं तेव्हाही एवढंच होतं.
वाऱ्याच्या बाजूची साल गेलेली, हाडासारखं पांढरं,
पलीकडे टोपलीभर हिरवं.
तेवढ्यावर चाललंय, म्हणाला,
आणि डबा उघडला.

मी डोंगर पाहिला तो पारसिकचा,
बराचसा खाणवाल्यांनी नेलेला.
बर्फ पाहिला तो दिवाळ्याच्या जेटीवर,
लादीनं, आमच्याच शेडचा भुसा पांघरलेला.
त्यावरून काय कळणार
मातीशिवाय उभं राहणं,
उन्हाळा एवढासा, की त्यात
केसभर जाड व्हायचं आणि पुन्हा मिटायचं.
ठोकळ्यात एके ठिकाणी
चाळीसेक रेघा जवळजवळ एक झाल्या होत्या.
काहीतरी सोसलं असणार.
काय, ते लिहिलेलं नाही.
पुढे पुन्हा अकरा.

साडेतीनला शेट आले.
महाप्याला मशीन बसवतोय, हलतंय, पाचरी दे.
दुसरं लाकूड नव्हतं असं नाही.
होतं, पण भराभर वाढलेलं, पोकळ मनाचं,
वजन आलं की बसणारं.
हे तळहातावर तोललं
तेव्हाच कळलं, हे बसणार नाही.

चार पाचरी.
करवतीला मिनिटही लागलं नाही.
भुसा झाडला तो नेहमीच्या पोत्यात,
दिवाळ्याला जाणाऱ्या.

भिंग परत दिलं तेव्हा अन्सारी म्हणाला,
काय बघत होतास एवढं?
बारीक काम होतं, म्हटलं.

सोमवारी महाप्याला गेलो.
सगळे बटणं दाबत होते, दिवे लागत होते.
मी मुद्दाम गुडघ्यावर बसून
खाली वाकून पाहिलं.

हलत नव्हतं.