मधला

विडी घरकुलात रात्री अकराला
शेजारच्या गड्डमचे माग थांबले,
तेव्हा कुठे मला माझे विचार ऐकू आले.

इम्पोर्ट सॉकेट.
पोर्ट आठ हजार ऐंशी.
इथं कान देऊन बस, त्याला सांगितलं.
कुणी आलं की काय हवंय ते विचार,
पलीकडे जाऊन तेच माग,
मिळेल ते आणून दे.
चाळीसेक ओळी.

पहिल्यांदा पान अर्धंच उमटलं.
एकदाच ओंजळ भरून
मी दार लावून घेत होतो.
मग लूप घातला : येतंय तोवर घेत राहा,
रिकामं आलं तरच समज, संपलं.
आणि कनेक्ट म्हणून कुणी आलं
तर ते बंद पाकीट. फोडायचं नाही.
नुसतं न्यायचं, आणायचं.

आई सुपात तेंदूची पानं कापत होती.
"एम चेस्तुन्नाव रा?"
म्हटलं, मधला माणूस बनवतोय.
कात्री थांबली नाही.
"तो मी तू सात वर्षांचा असतानाच बनवला."

ब्रँचची खिडकी माझ्या डोक्याच्या वर होती.
आईचं तेलुगू मी मराठी करून
टाचा उंचावून गजांतून आत टाकायचो.
आतून हिप्परगे मुकादम :
हजारात ऐंशी छाट, वर एक शिवी.
ऐंशी मी बाहेर आणायचो.
शिवी तिथंच ठेवायचो.
आई जे पुटपुटायची त्याचंही
"बरं म्हणतेय" एवढंच करायचो.

तिचा फोन माझ्या पोर्टला जोडला.
काय उघडू?
"पीएफ."
काळ्या पडद्यावर एक ओळ सरकली,
कोण, कुठे, किती वाजता.
पाकीट गेलं, पाकीट आलं,
माझ्या प्रोग्रामला कळलंही नाही आत काय आहे ते.

मला कळलं.
दावा नामंजूर. नाव जुळत नाही.
कार्डावर नरसव्वा, खात्यावर नरसम्मा.
तोंडात आलं होतं : अजून वेळ लागेल म्हणतायत.
गिळलं. वाचून दाखवलं, जसंच्या तसं,
अर्ज क्रमांकासकट.

तिनं कात्री खाली ठेवली.
"शिवी?"
नाही गं, यात शिवी नसते.
"तेव्हा असायची," ती म्हणाली,
"गजांतून मला त्याचे ओठ दिसायचे."

बाहेर कुणीतरी माग पुन्हा चालू केला.
पडद्यावर कर्सर लुकलुकत होता,
प्रोग्राम ऐकत बसलेला.