नदीतलं दुकान

नकाशात आमचं दुकान नाग नदीत होतं.
काठाला नाही, बरोब्बर मधोमध,
एक लाल टाचणी, खाली नाव : धकाते कूलर वर्क्स.
तेजल म्हणाली, "मामा, गिऱ्हाईक पोहत येणार काय?"
म्हटलं, बाप्पा, त्या पाण्यात कोण पोहते!

वेबसाइट आठ वर्षांमागे शेजारच्या पोरानं करून दिली होती,
दोन हजार आणि एक जुना एक्झॉस्ट फॅन घेऊन.
तो आता पुण्यात. पासवर्डसाठी फोन केला
तर त्याला आधी पंखाच आठवला.
"अजून चालून राहिला ना काका, आईकडे."

उघडायला इतका वेळ लागे
की तोवर टाकी भरून वाहून जाई.
वर एक बर्फाचा डोंगर, कुठला कोण जाणे.
खाली लुकलुकणारी अक्षरं :
उत्कृष्ट दर्जा, तत्पर सेवा, ग्राहक हेच दैवत.
"हे कोण बोललं?" तेजलनं विचारलं.
कोणीच नाही. सगळे लिहितात म्हणून लिहिलं.
"मग तू दुकानात काय बोलतो, ते सांग."

मी काय बोलतो?
खस महाग पडते, पण वास महिनाभर राहते.
पंप जळला नाही ताई, केस अडकला आहे, वीस रुपये द्या.
आणि मागची खिडकी उघडा,
हवा आत यायची तर आधी बाहेर जावी लागते.
तिनं ते तसंच्या तसं चढवलं.
डोंगर काढला. त्या जागी माझा हात,
गंजक्या पत्र्यावर, अंगठ्याला एम-सील.
फोटोला पैसे लागले नाहीत.
लाज लागली थोडी.

जाहिरातीसाठी पाच हजार काढून ठेवले होते,
गवताच्या गठ्ठ्यांतून वाचवलेले.
तिनं परत केले.
टाचणी नदीतून उचलली,
गोळीबार चौकात पिठाच्या चक्कीशेजारी रोवली.
एकशे वीस रुपयांचा एक शिक्का बनवला, बिलामागे मारायचा :
काम पटलं तर नकाशावर दोन ओळी लिहा.
पहिली ओळ पानठेल्यावरच्या इकबालभाईची :
"आदमी बहुत बोलता है, कूलर नहीं."

मग एका रात्री तिला एक कप्पा सापडला,
"संपर्क करा"च्या मागे.
त्रेसष्ट निरोप.
ते बटण दाबता येते, हे मलाच ठाऊक नव्हतं.
एका लग्नाला बारा कूलर हवे होते. ते लग्न होऊन गेलं.
एक पोरगं नुसतं हाय हाय हाय.
बाकी कर्ज देणारे.
आणि खामल्याहून, पाच वर्षांमागच्या मे महिन्यात :
आई अंथरुणावर आहे. कूलर आवाज करतो
म्हणून बंद ठेवतो, मग ती झोपत नाही.
आज येता येईल का? — ठोंबरे
खाली दोन दिवसांनी : उद्या तरी?
त्याच्याखाली काही नाही.

तत्पर सेवा.

सकाळी फोन लावला. लागला.
मी नाव सांगितलं, तिकडे बराच वेळ कोणी बोललं नाही.
आईचं विचारायची हिंमत झाली नाही.
विचारलं, कूलर आहे अजून?
"आहे, गॅलरीत. कबुतरं राहतात."
येऊ का?
"आता कशाला," तो म्हणाला. मग म्हणाला, "या.
अंडी असतील तर हलवू नका मात्र."

अंडी होती, दोन.
जाळी न काढता हात घालून पाहिला.
बेअरिंगला तेल हवं होतं.
दोन थेंब.
त्यानं चहा केला. मी भिंतीकडे पाहिलं नाही,
तिथे फोटो असेल म्हणून.

आता साइट चटकन उघडते. फोन येतात, पुरेसे.
शेवटी काय लिहू, तेजलनं विचारलं.
म्हटलं, लिही : निरोप रोज रात्री नऊला
मी स्वतः वाचतो.
वाचतो. बहुतेक कर्जवालेच असतात.
त्यांनाही उत्तर देतो.