सुकती

नेरूळच्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर,
आमच्याकडे स्पायरोमीटर एकच.
पत्र्याची टाकी, टाकीत पाणी, पाण्यात उलटं भांडं,
आणि तोंडाशी धरायची नळी,
जी मी दर मुलामागे डेटॉलमध्ये बुडवते.

"नाकाला चिमटा लावा. नेहमीसारखा श्वास सोडा."
'नेहमीसारखा' म्हटलं की कुणालाच जमत नाही.
आतापर्यंत आपोआप चाललेलं
एकदम अंगावर येतं,
जसं कुणी बघतंय म्हटल्यावर चालणं.

साडेचारशे. पाचशे. पाचशे दहा मिलिलिटर.
फळ्यावर लिहिते : टायडल व्हॉल्यूम, म्हणजे भरती-ओहोटीची हवा.
त्यातली दीडशे तर वाटेतच राहते,
नाकात, घशात, श्वासनळीत,
कामाला न लागता परत फिरते.
(मागच्या बाकावरून : "आमच्यासारखी!")

चैताली तांडेल, रोल नंबर एकोणसाठ,
दिवाळे गावातून येते.
जर्नलच्या शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात पाण्याच्या वेळा,
बापासाठी.
तिनं हात वर केला :
"म्याडम, ही भांगाची भरती का उधाणाची?"

वर्ग हसला. मी साताऱ्याची, मला कळलंच नाही.
मग तिनं मला शिकवलं :
अष्टमी-नवमीला पाणी आळसावतं,
जरा चढतं, जरा उतरतं, तो भांग.
पुनवेला, अवसेला उधाण.

मग भांगच, मी म्हटलं. बसून वाचताना भांग.
लिफ्ट बंद असताना तिसऱ्या मजल्यापर्यंत येता ना,
ते उधाण.

"आता सगळी सोडा. अजून. अजून. पोट आत घ्या."
मानेच्या शिरा टरारल्या, काटा थांबला.
"संपली?"
"संपली."
नाही संपली.
बाराशे मिलिलिटर अजून आत आहे,
कितीही फुंका, या यंत्रावर कधीच येणार नाही.
ओली प्लास्टिकची पिशवी आतून चिकटली
की उघडायला किती नखं लागतात?
फुप्फुसातले फुगे ओलेच असतात.
ते मिटू नयेत म्हणून ही हवा.
दोन गुणांचा प्रश्न, लिहून घ्या.

सगळ्यांनी लिहून घेतलं.
चैताली खिडकीबाहेर, कांदळवनापलीकडे बघत होती.
"पुरी सुकती झाली ना, म्याडम,
तरी खारीत मधल्या नालीत पानी ऱ्हातंच.
नाय ऱ्हायलं तर होरी परत निंगंल कशी?"

या वेळी कुणी हसलं नाही.
बारा वर्षं मी ही व्याख्या शिकवते.
होडी मला एकदाही दिसली नव्हती.

मग तिनंच विचारलं :
"पन भायेर येतच नाय, तर मोजली कुनी?"
हेलियम, मी म्हटलं, मोठी गोष्ट आहे, दहा मिनिटं लागतील.
आणि घंटा झाली.
पुढच्या मंगळवारी सांगते.

मंगळवारी सांगितली.
बंद टाकी, मोजून भरलेला हेलियम,
तो आतल्या हवेत मिसळून किती पातळ झाला,
त्यावरून न दिसणाऱ्याचा हिशेब.
छान झाला तास.
हजेरी घेताना एकोणसाठला कुणी 'ओ' दिली नाही.
कॅलेंडर बघितलं :
अमावस्या.
लाल पेन उचललं,
आणि मग पेन्सिलीनं खूण केली.