जुळवणी

पहिल्या दिवशी ती मला आवडली नाही.
लेशोइंशच्या धक्क्यावर शेजारी अकरा मजल्यांची नवी बोट,
सगळी काचेची, एखादी बँक पाण्यात आणून उभी करावी तशी,
आणि तिच्या सावलीत ही,
धुऊन धुऊन विटलेल्या टेबलक्लॉथच्या रंगाची,
नांगराखाली गंजाचा ओघळ
शेंबड्या पोराच्या नाकाखाली असतो तसा.

माहितीपत्रकात लिहिलं होतं, जलतरण तलाव.
होता.
सहा जण उतरले की सातव्याने काठावर बसून पाय बुडवायचे.
पाणी समुद्राचंच, रोज पहाटे भरलेलं,
आणि बोट कलली की तलाव उठून
आमच्या शेजारी डेकखुर्चीवर येऊन बसायचा.

केबिनला चावी. खरीखुरी, पितळेची,
मुठीएवढ्या लाकडी गोळ्याला बांधलेली.
दार आधी किंचित उचलायचं, मग ढकलायचं.
हे सेफेरिनोने शिकवलं, माझी बॅग ठेवता ठेवता.
बावीस वर्षं तो हिच्यावर आहे.
"घाई केलीत तर ही ऐकत नाही," म्हणाला,
सासूबद्दल बोलावं तसा, हलक्या आवाजात.

नळाला आधी खोकला, मग तांबूस पाणी,
मग एवढं कढत की त्यातच चहा टाकावा.
लिफ्ट मजल्याच्या वीतभर खाली थांबते
आणि माणसं बोलणं न तोडता पाय उचलतात.
वाचनालय म्हणजे एक कपाट, पुस्तकांसमोर आडवी दोरी.
एका रहस्यकथेच्या चाळिसाव्या पानावर
कुणी पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलंय,
खाली दुसऱ्या अक्षरात : चूक.

नाळेपाशी पांढऱ्या रंगाच्या थरांखाली
जुनं नाव आहे, ऊन तिरपं झालं की उमटतं :
गिल्येर्मिना.
आताचं नाव इंग्रजी आहे,
कुठल्याही साबणाला चाललं असतं.

तिसऱ्या रात्री सलूनमधल्या पियानोपाशी बसले.
चौतीस वर्षं पोर्तोत घरोघर पियानो जुळवले मी,
हात गप्प बसत नाहीत.
त्याचे पाय जमिनीला बोल्टने आवळलेले,
वरची एक पट्टी मुकी,
आणि सगळा पियानो उतरलेला,
थोडासाच, पण सगळा सारखा.
हे विचित्र. तारा उतरतात त्या आपापल्या मनाने,
कुणी इथे, कुणी तिथे.
ह्या एकजुटीने उतरल्या होत्या.

किल्ली माझ्या पर्समध्ये असतेच. काढली,
खुंटीला लावली,
आणि मग तळपायांतून वर आला तो,
तीन दिवस अखंड कानात होता म्हणून
ऐकूच न आलेला,
इंजिनाचा खर्ज.
खालच्या सा ला केसाइतकाही फरक न ठेवता मिळालेला.

माझ्याच धंद्यातलं कुणीतरी, कधीतरी,
जमिनीवरचा स्वर बाजूला ठेवून
ह्या पियानोला हिच्या पोटातल्या आवाजाशी
जुळवून गेलं होतं.

किल्ली परत पर्समध्ये.
मुकी पट्टी तेवढी बोलती केली,
आत ऑलिव्हची बी अडकली होती.

वेलाशच्या बंदरात मोठ्या बोटींना जागा नाही.
ही शिरली, कोपरं अंगाशी घेऊन.
धक्क्यावर चीज विकणारी युफेमिया
डोळ्यांवर हात धरून बघत राहिली,
भाव सांगायचं विसरून.
एकोणिसाव्या वर्षी हिच्यावर
चादरींना इस्त्री करायची, म्हणाली.
मला वाटलं, आता काहीतरी मोठं सांगणार.
तिने विचारलं एवढंच,
"लिफ्ट अजून वीतभर खालीच थांबते?"

हो म्हटलं.
तिने सुरी सरकवली, पाव किलो जास्त कापलं.
जास्तीचे पैसे मात्र घेतलेच.

परत आले तर इंजिन बंद होतं,
सलूनमध्ये कुणी पियानो वाजवत होतं
कुणाच्या तरी क्लॅरिनेटबरोबर,
आणि सगळे तोंडं वाकडी करत होते,
केवढा बेसुरा, केवढी जुनी ही बोट.

मी चीजचा पुडा सोडला, सुरी मागवली.
म्हटलं, क्लॅरिनेट ठेवा खाली.
सहाला सुटतो आपण.
थांबा जरा.