अर्धा गुण

ओझुर्गेतीचा चहाचा कारखाना बंद पडला
तरी त्यातली एक खोली अजून चालू आहे.
दर गुरुवारी चार वाजता लाम्झिरा बाई
लोखंडी शेगडीत लाकडं कोंबतात,
अकरा पोरं, सहा पट,
आणि एका पटावरचा काळा घोडा हरवलाय
म्हणून त्याच्या जागी एक हेझलनट.
अडीच घरं तोही नीट चालतो.
आजवर दोनदा खाल्ला गेलाय,
एकदा उंटाने, एकदा बाचोने.

मी दाराजवळच्या बाकावर,
मिनीबसच्या किल्ल्या हातात.
मला बुद्धिबळ येत नाही.
म्हणजे सोंगट्या कशा चालतात ते येतं,
का चालतात ते नाही.

बाई म्हणाल्या,
जिंकणं-हरणं तुम्हाला घरीच शिकवतात,
उरलेलं मी शिकवते.

खिडकीपाशी तातिया आणि उचा,
पटावर फक्त दोन राजे.
तरी वीस मिनिटं पाठलाग चाललाय,
मध्ये एक घर राखून.
जवळ जाता येत नाही, सोडवत नाही.
शेवटी उचाच वैतागून विचारतो,
"बाई, हे संपणार कधी?"
"संपलंय केव्हाच. तुम्हीच उठत नाही आहात."

आणि माझी ग्वांत्सा.
नऊ वर्षांची, वेणी मी घातलेली, म्हणून तिरकी.
तिच्याकडे वजीर, हत्ती, तीन प्यादी.
बाचोचा राजा एकटा, कोपऱ्यात.
तिने वजीर ठेवला टक् करून,
जिंकलेल्या हाताने.
बाचोने पाहिलं. पुन्हा पाहिलं.
मग तोंडावर हात धरून हसायला लागला.

बाई आल्या, वाकल्या,
राजाभोवती बोट फिरवलं:
इथे नाही. इथे नाही. इथेही नाही.
"त्याला शह आहे?"
"नाही."
"जायला जागा?"
"नाही."
"मग बरोबरी."
"पण माझ्याकडे सगळं होतं!"
"होतं ना. फक्त त्याला एक घर ठेवायचं राहिलं."

मी किल्ल्या खिशात टाकल्या, परत काढल्या.
एतेरी चार वर्षं बारीला आहे,
समुद्राजवळ, तिसऱ्या मजल्यावर,
एका इटालियन म्हातारीला न्हाऊ घालते.
तिला कुणी हुसकत नाही.
म्हातारी जीव लावते, नाताळला बूट घेते.
कागद तेवढे नाहीत.
आली, तर परत जाता येणार नाही.
आणि इथे
मोजून अकरा पोरांना पुरेल इतकीच ऊब.

परतताना ग्वांत्सा काचेला नाक लावून.
रस्त्याच्या कडेला संत्र्यांच्या पेट्या भिजत होत्या.
"हे हरण्यापेक्षा वाईट आहे," ती म्हणाली.
"अर्धा गुण मिळाला ना."
"अर्ध्याचं काय करायचं असतं?"
वळण आलं होतं. मी गिअर बदलला.

रविवारी फोन.
जेवलीस? जेवले.
थंडी आहे? आहे.
बाबा काय करतोय? बसलाय.
देदा, कधी येशील?
बघू.

ग्वांत्सा थांबली. बोटांवर काहीतरी मोजलं.
"मागच्या रविवारी हेच झालं.
त्याच्या आधीच्यालाही हेच.
तीनदा तीच स्थिती आली
की बरोबरी मागता येते."

तिकडे नळ वाहत होता, तो बंद झाला.
"कुणी मागायची?" एतेरीने विचारलं.
"ज्याची पाळी असेल त्याने."
"मग आता कुणाची पाळी आहे?"

ग्वांत्साने फोन छातीशी धरला
आणि माझ्याकडे पाहिलं.
मी बसलो होतो.