अर्धा इंच माया

चोपड्याहून साडेतीनची अमळनेर गाडी.
पिशवीत दशम्या, लसणाची चटणी,
आणि सुपडाबाईच्या सुनेचा हूक लावायचा राहिलेला ब्लाउज,
कारण हात रिकामे राहिले की मला धास्ती वाटते.
शेजारची म्हातारी विचारते, "कठे चालनी वं माय?"
"गानं ऐकाले."
ती माझ्याकडं बघते, मग खिडकीबाहेर,
जणू मी कुणाचं तरी मरण लपवतेय.

बावीस वर्षांपूर्वी एका मास्तरणीच्या
शिवायला टाकलेल्या कापडात कॅसेट निघाली.
तिची बदली झाली, ती परत आलीच नाही.
कापड मी पाच वर्षं जपलं, मग उशीचे अभ्रे केले.
कॅसेट वाजवली.

तेव्हापासून शरयूबाई साखळकर माझ्या दुकानात गातात.
काजं करताना, फॉल लावताना,
लग्नसराईत रात्री दोनला.
विलंबितात पॅडलवरचा पाय आपोआप मंद होतो.
गिऱ्हाईक म्हणतं, मावशी, मशीन आजारी आहे का?

ए बाजू संपते ती अंतऱ्यात, "न" वर.
खट्.
पुढं काय? नदी? नजर? नगर?
एका दिवाळीत मी ठरवून टाकलं, नणंदच असणार,
आणि हसता हसता बोटात सुई गेली.

तापीच्या पुलावर गाडी हळू झाली.
मी दोन हूक लावले. बाकीचे लागेनात.

शाळेचं पटांगण, मंडप, निळ्या खुर्च्या.
पुढच्या दोन रांगा देणगीदारांच्या,
त्या शेवटपर्यंत रिकाम्या.
मी खांबाच्या अलीकडं.

त्या आल्या. बुटक्या.
मला वाटायचं उंच असतील.
इतक्या वर्षांत मनातल्या मनात घेतलेलं माप
सगळंच्या सगळं चुकलेलं.
जांभळा रेशमी ब्लाउज, बाहीला काठ,
आणि उजवा मुंढा काचत होता.
तान वर निघाली की हात उठायचा
आणि शिवण ताणून
अर्ध्यातच अडायचा.
कुणाला दिसलं नसेल. जाणकार डोळे मिटून बसले होते.

आवाज खाली उतरलेला.
वरचा सा फाटला.
त्या थांबल्या, तोच सा पुन्हा धरला,
उसवल्यावर आपण दोरा ओढत नाही,
आधी गाठ शोधतो, तसा.
मागं कुणीतरी पुटपुटलं, वय झालं आता.
वळून त्याच्या तोंडात टाचण्या भराव्यात असं वाटलं.

मग ती. माझी. पहिल्याच सुराला ओळखली.
माझा पाय हलायला लागला
पॅडल नसलेल्या जमिनीवर.
अंतरा.
"न".
बोट उठलं कॅसेट पलटायला.

खट् झालं नाही.

शब्द तुटलेला नव्हताच.
तेवढाच होता. न. नाही म्हणायचा न.
आणि लगेच परत पहिल्या ओळीवर, समेवर.
एवढंच होतं पुढं.
बावीस वर्षं मी एका पुऱ्या शब्दाला
ठिगळं लावत बसले होते.
रडू वगैरे आलं नाही.
एकदम भूक लागली.

नंतर लोक पाया पडत होते.
भाचा लोकेश गेटबाहेर हॉर्न देत होता.
माझी पाळी आली
आणि बसमध्ये पाठ केलेलं सगळं गेलं.
म्हटलं, "ताई, उजवा मुंढा अर्धा इंच सैल करून घ्या.
आत माया असेल."

त्यांनी हात उचलून पाहिला, अडला तिथपर्यंत.
हसल्या नाहीत.
"नाही हो," म्हणाल्या,
"मायाच ठेवली नाही मेल्यानं."
मग माझी बोटं हातात घेऊन बघितली,
सुईची भोकं, खडू,
आणि पुढच्या माणसाकडं वळल्या.

"कसं झालं?" लोकेशनं पुलावर विचारलं.
"समोर बघून चालव."

सकाळी सुपडाबाईची सून ब्लाउज न्यायला आली.
हूक राहिलेलेच.
म्हटलं, बस,
एवढी बाजू संपू दे.